खऱ्या नावाने हाक



शास्त्र शिकलेला माणूस नगरशासनात शिरला, तर नगराला काय लाभतो, हे आज आम्ही डॉ. अकासिओ व्हिएगस यांच्या उदाहरणाने मांडणार आहोत.

गोव्यातील हडफडे गावी 1856 साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि 1888 साली महापालिकेत निवडून गेले. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीतील रोग्यांच्या अंगावर त्यांना गाठी दिसल्या. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली वखारींची दाट वस्ती. वखारीत धान्य, धान्याला उंदीर आणि शेजारच्या खोल्यांत हमाल. व्हिएगसांनी सांगितले, हा प्लेग आहे.

हे सांगणे सोपे नव्हते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडविणार, व्यापार बुडणार! पण तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा निदान खरे ठरले. 1897 च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईतच लस सिद्ध केली. व्हिएगसांनी हजारो लोकांना ती टोचली. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे सिमाँ यांनी दाखविले ते 1898 साली.

निदान खरे, म्हणून उपाय न्याय्य होतोच असे मात्र नाही. घरोघरी झडत्या झाल्या, रोग्यांना बळाने इस्पितळात नेण्यात आले. 1898 च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यातील विणकर याविरुद्ध उठले आणि शहरात दंगल पेटली. पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रोगट चाळी पाडल्या. त्यांतील गरिबांनी शेजारच्या चाळींत आणखी दाटी केली. शास्त्राने रोग ओळखला. पण गरिबाचे म्हणणे ऐकायला सभागृहात माणूस लागतो.

1906 साली व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदाला महापौर हे नाव मिळाले 1931 साली. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

हे आम्ही काल्हेरात का सांगतो? कारण आपला गावही आज वखारींचा गाव आहे. गोदामांत माल येतो, त्याबरोबर धूळ येते, ओझे उचलून पाठ मोडते. कामगार खोकतो तेव्हा लोक म्हणतात, "हवा बदलली." आमचे मागणे एवढेच, की गोदामातील कामगाराची तपासणी व्हावी, झालेल्या आजाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी आणि उपाय ठरविताना त्या कामगारालाच विचारावे. यासाठी प्रत्येकाने डॉक्टर होण्याची गरज नाही. ग्रामसभेत उठून विचारण्याची मात्र आहे.