तिरोड्याहून पुण्याला
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'माझी वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत ऐकण्यासारखं फार काही नसतं. सकाळी लॅपटॉप उघडायचा, रात्री मिटायचा. म्हणून मी फक्त तिरोडा सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलते. मागच्या रांगेत दहावी-बारावीच्या मुली बसल्या आहेत, त्यांच्या ते कामी येईल.

साल १९९९. त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. माझ्या जुन्या दाखल्यांवर भंडारा, नव्या अर्जावर गोंदिया. प्रवेशाच्या खिडकीवर विचारणा झाली तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, गाव तेच आहे, जिल्हा बदलला."

इंजिनिअरिंग गोंदियात होतं, नागपुरात तर होतंच. पुण्यात बाहेरच्या विद्यापीठातल्या मुलांसाठी जागा थोड्या, त्यातली एक मिळाली म्हणून गेले. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये सकाळी बसलं की वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड करत दुसऱ्या दिवशी पहाटे पुणं. एवढं अंतर कापूनही महाराष्ट्रच. त्यामुळे भाषेची अडचण येईल असं आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर मी म्हटलं, "मी जेवण करून राहिली." खोलीतल्या मुली हसल्या. वाईट मनाच्या नव्हत्या, पण मग रोज कोणीतरी मला 'काहून' म्हणायला लावायचं आणि हसायचं. मेसमध्ये भात अगदी शेवटी, वाटीभर. आपल्याकडे भाताशिवाय ताट वाढत नाहीत. दिवाळीनंतर मी घरचा एचएमटी तांदूळ घेऊन गेले, तर ठेवायला जागा कपड्यांच्या पेटीतच.

हसण्याचं काही नाही, पण त्यामुळे मी बोलायचीच थांबले. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत असली तरी आपले सर समजावून सांगायचे मराठीत. इथे समजावणंही इंग्रजीत. उत्तर यायचं, ते इंग्रजीत जुळवायचं, मराठीत बोलावं तर पुन्हा हसतील, एवढ्यात प्रश्न पुढच्या मुलाकडे गेलेला असायचा. पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मी जवळजवळ गप्पच होते. "विषयाची तयारी नाही" असा शेरा मिळाला. लेखी परीक्षेत त्याच विषयात मला वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांपेक्षा चांगले मार्क होते. बाहेरगावाहून आलेली किती मुलं अशी नुसत्या गप्प बसण्यामुळे कच्ची ठरत असतील, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आज मी नोकरीसाठी मुलाखती घेते. खेड्यातला मुलगा समोर थांबला, अडखळला की मी घड्याळाकडे पाहत नाही.

मला बोलतं केलं ते आमगावच्या एका ताईने. ती दोन वर्षं पुढे होती. तिने आपला ड्राफ्टर मला फुकट दिला, जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या, आणि म्हणाली, "उत्तर दे ना बाप्पा, हसू दे त्यायले." रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास ती मला प्रश्न विचारायची आणि मी मोठ्याने उत्तरं द्यायची. त्याआधी मी कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. टर्बो सीचा निळा पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मशीन बिघडलं असंच वाटलं! मुलींना संध्याकाळी सातला होस्टेलवर परतावं लागे, लॅब मात्र मुलांसाठी उशिरापर्यंत उघडी असे. तेव्हा ताईने शिकवल्याप्रमाणे मी प्रोग्रॅम आधी वहीत लिहून, कागदावरच चालवून बघायची. ती सवय पुढे नोकरीत फार उपयोगी पडली, पण म्हणून तो नियम बरोबर होता असं मी म्हणणार नाही.

घरून महिन्याला मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या खाली निरोपासाठी थोडी जागा असे. तिथे बाबा लिहायचे, "रोवणा झाला. बोडी भरली." फोन रात्री अकरानंतर, पाव दरात, तोही शेजारच्यांकडे. आई बोलायला यायची पण रडायचीच जास्त, मग पैसे जायचे नुसते.

आता व्हिडिओ कॉल आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासनाने पूर्ण माफ केली आहे. फार चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून खोलीचं भाडं आणि मेस सुटत नाही, आणि आपल्या भागातल्या मुली अडतात त्या तिथेच. त्यासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयंम, इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि इतर काहींना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. दाखले निकालानंतर नाही, बारावीच्या वर्षातच काढून ठेवा. आणि हप्ता वेळेवर येईल असं धरून चालू नका, पहिल्या तीन महिन्यांचे पैसे हाताशी असू द्या.

त्या तीन महिन्यांसाठीच मला आपल्या बॅचकडून काहीतरी हवं आहे. आपण पुण्यात आहोत, नागपुरात आहोत, बेंगळुरूला आहोत. शाळेच्या कार्यालयात एक वही ठेवू. त्यात शहर, फोन नंबर आणि आपण काय करू शकतो ते लिहायचं: चार दिवस घरी ठेवून घेणं, खोली पाहून देणं, नाहीतर रोज रात्री अर्धा तास फोनवर प्रश्न विचारणं. वही मी आणली आहे, त्या टेबलावर आहे. पहिलं नाव माझं लिहिलं आहे, शहर पुणे. जेवणाआधी तुमचीही लिहा, कारण जेवणानंतर अर्धे जण गाडी पकडायला पळतील.