प्रवाळाच्या टाकींतले कामकरी मासे



घरांत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तींत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद ज्यांस जडला आहे, त्यांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : ‘शेवाळ फार माजलें आहे, तें खाणारा एखादा मासा आणिला पाहिजे.’ म्हणजे हा मासा शोभेचा नव्हे, कामाचा. घरांत गडी ठेवावयाचा झाला तर आपण त्याचें गांव विचारतों, पूर्वीं कोठें होता तें विचारतों, त्याच्या जेवणाखाण्याचें ठरवितों. मासा ठेवतांना मात्र ‘हा सगळें साफ करतो’ एवढें दुकानदारानें सांगितलें कीं आपली खात्री पटते. या नेमणुकीविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कल्पना तशी जुनी आहे. लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८४९-५० च्या सुमारास एका पात्रांत दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली. कांहीं काळ सर्व ठीक चाललें. पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, काचेवर हिरवा लेप चढला आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व लेप फस्त केला, शिवाय त्यांचीं अंडीं माशांस खाद्य म्हणून उपयोगीं पडलीं. काचेच्या टाकींतला पहिला नामांकित कामगार, तो हा असा गोगलगाईच्या कुळांतला. त्या कामगाराचें काम व त्याचें पोट हीं एकाच गोष्टीवर चालत होतीं, आणि ती गोष्ट रोज नव्यानें उत्पन्न होत होती, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां शेवाळ कां वाढतें तें पाहूं. माशांच्या मलमूत्रांतून व उरल्यासुरल्या अन्नांतून अमोनिया निघतो. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइटांत व मग नायट्रेटांत रूपांतर करितात. हें नायट्रेट, अन्नांतून येणारें फॉस्फेट आणि दिव्याचा उजेड एवढी शिदोरी मिळाली कीं शेवाळ वाढलेंच. मासा तें खातो हें खरें. पण खाल्लेल्याचा बराच भाग तो त्याच पाण्यांत पुनः सोडतो. म्हणजे एका खात्यांतली रक्कम दुसऱ्या खात्यांत गेली, कर्ज कांहीं फिटलें नाहीं. पाणी वेळेवर बदलणें, अन्न बेतानें घालणें, गाळणी धुणें हीं कामें यजमानाचींच आहेत. तीं माशाच्या गळ्यांत घालतां येत नाहींत.

तरीहि कांहीं मासे खरोखर कामाचे आहेत. त्यांत मला सर्वांत आवडतो तो लॉनमोअर ब्लेनी. शास्त्रांत त्याचें नांव सॅलॅरियस फॅसिएटस. वीतभरहि नसलेला, मातकट, डागाळलेला. रूपावर भाळून त्याला कोणी घरीं आणील असें नाहीं. पण दगडावर परांचा टेंका देऊन तो बसला, कीं एखादा जुना कारकून मेजाशीं बसून डोळे फिरवीत आहे असें वाटतें. त्याच्या ओठांशीं फणीसारखे अतिसूक्ष्म दांत असतात. त्यांनीं तो दगडावरचा व काचेवरचा पातळ लेप खरवडतो, आणि काचेवर त्याच्या ओठांचे ठसे उमटलेले दिसतात. सकाळपासून दिवा मालवेपर्यंत त्याचें हेंच चालू. परंतु लांब केसांसारखें वाढलेलें शेवाळ त्याच्या हातचें नव्हे, किंबहुना तोंडचें नव्हे. आणि टाकी अगदीं नवी, दगड कोरे करकरीत असतील तर त्याला तेथें खावयास कांहींच नसतें. असा ब्लेनी महिना दोन महिने दगडांवरून हिंडतो, पोट आंत जातें, आणि एके दिवशीं तो दिसेनासा होतो. मालक म्हणतो, ‘मासा नाजूक होता.’ मासा नाजूक नव्हता. तो उपाशी होता.

लांब शेवाळासाठीं टँग जातीचे मासे आहेत. यांस इंग्रजींत सर्जन म्हणतात, कारण शेपटीच्या बुडाशीं दोहों बाजूंस सुरीसारखा कांटा असतो. पिवळाधमक येलो टँग मुख्यतः हवाई बेटांकडचा. तो वीतभर वाढतो आणि दिवसभर पोहत चरतो. त्याला चार फुटांहून लहान टाकींत कोंडणें म्हणजे घोडा गोठ्यांत बांधण्यासारखें. पूर्वीं हा मासा सर्वस्वीं समुद्रांतून धरून आणीत. २०१५ सालीं हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटनें तो टाकींत जन्मास घालून वाढविला. मिळेल तेथें असा पैदाशीचा मासाच घ्यावा. फॉक्सफेस नांवाचा पिवळा मासा, टँग ज्याला तोंड लावीत नाहींत असें शेवाळहि बहुधा खातो, पण त्याच्या पाठीचे कांटे विषारी असतात. टाकींत हात घालणाऱ्या मुलाबाळांस हें आधीं सांगून ठेवावें. कांटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यांत हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावें.

शेवाळाव्यतिरिक्त दुसरा उपद्रव ऐप्टेशिया नांवाच्या तपकिरी समुद्रफुलाचा. दगडाबरोबर एखादें येतें आणि थोड्याच महिन्यांत जिकडेतिकडे होतें. चिरडावें तर राहिलेल्या तुकड्यांतून नवीं उगवतात. यावर कॉपरबँड बटरफ्लायफिश सोडतात. लांब चोंचीसारखें तोंड, पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे. फार देखणा मासा. परंतु त्यांतला एखादा ऐप्टेशिया आवडीनें खातो, दुसरा त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, आणि पुष्कळसे दुकानांतलें कोणतेंच अन्न न घेतां झुरून मरतात. ज्यानें काम चोख केलें त्याची गत आणखी वाईट. काम संपलें कीं अन्नहि संपलें. आम्हां मास्तरांना निदान निवृत्तिवेतन तरी मिळतें!

वाळू तोंडांत भरून कल्ल्यांतून गाळणारे गोबी मासे यांचीहि कथा याच वळणाची. वाळू पांढरीशुभ्र होते, तिच्यांतले बारीक जीव संपतात, आणि मग स्वच्छ वाळूवर बसून गोबी वाळत जातो. सहा रेघांचा सिक्सलाइन रॅस चपटे कृमि व शिंपल्यांना लागणाऱ्या बारीक गोगलगाई वेंचून खातो. पण तो तापट. त्याच्यामागून येणाऱ्या लहान माशांस तो जगूं देत नाहीं, म्हणून त्याला सर्वांच्या शेवटीं आणावें.

एका माशाची मात्र नेमणूक करूंच नये असें माझें स्पष्ट मत आहे. तो म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे कीटक खाणारा निळा क्लीनर रॅस. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळरांगेंत, लिझार्ड बेटापाशीं, अलेक्झांड्रा ग्रटर या शास्त्रज्ञ बाईंनीं मोजून पाहिलें. असा एक मासा दिवसाला सुमारें १,२०० कीटक खातो, असा हिशेब त्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केला. आतां आपल्या टाकींतल्या आठदहा माशांच्या अंगावर रोज इतके कीटक कोठून यावेत? बरें, ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठीं लोक हा मासा आणतात, त्या रोगाचा जीव कातडीच्या आंत रुतून बसतो. तो याच्या हातीं लागत नाहीं. समुद्रांत मात्र याचें दुकान नित्य गजबजलेलें असतें व मोठमोठे मासे तेथें रांग धरून थांबतात. त्याला तेथेंच असूं द्यावें. घरीं हौस असेल तर निऑन गोबी ठेवावा. तोहि थोडीबहुत अंग-सफाई करितो, टाकींत पैदा होतो, आणि साधें अन्न खाऊन सुखानें राहतो.

हा छंद परदेशीं राहणाऱ्या आपल्या बांधवांत अधिक चालतो. येथील श्रोत्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. दगडी प्रवाळ, काळें प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांस २००१ सालीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलें आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणें हा गुन्हा आहे, मग हेतु कितीहि शास्त्रीय असो. येथें कोरे दगड आणि मासे एवढ्यावरच टाकी सजवावी; शेवाळ त्यावरहि येतेंच, आणि ब्लेनीला दगड कोणता याशीं कर्तव्य नसतें.

मासा घेतांना दुकानदारास आपल्या समक्ष त्याला खावयास घालण्यास सांगावें. जो खात नाहीं तो घेऊं नये, मग दर कितीहि कमी असो. पोट बाजूनें पाहावें, गोलसर असावें. पाठीचें मांस डोक्यामागें खोलगट दिसत असेल तर हात आंखडावा. घरीं आणल्यावर चार आठवडे त्याला वेगळ्या लहान टाकींत ठेवावें, वर जाळी घालावी, कारण ब्लेनी व गोबी उडी मारण्यांत पटाईत. याच मुदतींत चिमट्यांत धरलेलें वाळलेलें समुद्रशेवाळ खावयाची त्याला संवय लावावी. जपानी लोक भाताला गुंडाळतात तेंच हें नोरी, मीठमसाला न लावलेलें. तें तो खाऊं लागला म्हणजे त्याला मोठ्या टाकींत सोडण्यास हरकत नाहीं.