ड्रॅग रेसची गाडी आणि ड्रम ब्रेक

अमेरिकेतली पारंपरिक ड्रॅग रेस म्हणजे पाव मैलाची, 402 मीटरची सरळ धाव. तिथे 1960च्या दशकातल्या काही गाड्या आजही मागच्या चाकांना ड्रम ब्रेक ठेवूनच पळतात. पेडल सोडलं की स्प्रिंग ब्रेकशूला ड्रमपासून मागे ओढते आणि चाक मोकळं फिरतं. अर्थात, सेटिंग बरोबर असेल तर!

त्यासाठी गाडी स्टँडवर घ्यायची, हँडब्रेक सोडायचा आणि ड्रममागच्या पत्र्यातल्या खाचेतून शू ड्रमजवळ सरकवणारी दातेरी चाकी फिरवायची. चाक हाताने फिरवताना शू घासू लागला, की घासणं थांबेपर्यंत चाकी उलटी सोडायची. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. बऱ्याच अमेरिकी गाड्यांत ही चाकी रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर आपोआप सरकते. टायर तापवून गाडी मागे आणणाऱ्या रेसरच्या ते पथ्यावरच पडतं म्हणा!

तापलेला ड्रम फुगतो, पेडल खोल जातं. पण म्हणून लगेच चाकी आवळू नये. नाहीतर ड्रम थंड झाला की शू अडकून बसतो. आणि हो, शूवरच्या जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.