सायकलची निवड : तंजावूरच्या राजवाड्यापासून तिरुवैयारूपर्यंत

(हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाची संहिता)



तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल पाहण्यास गेलेला मराठी माणूस मोडी कागद आणि सरफोजीराजांनी जमविलेले ग्रंथ पाहून भारावल्या मनाने बाहेर येतो. बाहेरच्या रस्त्यावर त्याला भिंतीशी टेकविलेल्या सायकली दिसतात. त्यांच्याकडे मात्र तो पाहत नाही. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेले सरफोजी युरोपातील नव्या विद्यांचे मोठे चाहते. त्यांच्या हयातीतच, 1817 मध्ये, जर्मनीत कार्ल ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी वाहन चालवून दाखविले होते. पण त्याला पायडल नव्हते, पायांनी जमीन रेटीतच पुढे जावे लागे. साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ 1885 मध्ये आली, 1888 मध्ये डनलॉपने हवेचे टायर आणले, आणि त्याच 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकल विकत आणि ती चालविण्यास शिकवीतही असत. विकणाऱ्यानेच शिकवावे ही रीत पुढे मागे पडली. निवडीचा सारा भार आता घेणाऱ्यावर आला आहे, आणि घेणारा बहुधा रंग पाहून घेतो.

‘चांगली सायकल कोणती?’ या प्रश्नाला भूमी सांगितल्याशिवाय उत्तर नाही. तंजावूरचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे, कारण त्याची भूमी महाराष्ट्राच्या अगदी उलट आहे. राजवाड्यापासून त्यागराजांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेले तिरुवैयारू सुमारे 13 किलोमीटरांवर. वाटेत वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या लागतात, पण टेकडी एकही नाही. चढ काय तो पुलांचा. याउलट पुण्याच्या मुलाला एखाद्या रविवारी सिंहगडाचा पायथा गाठण्याची लहर येते किंवा कात्रज चढावासा वाटतो. या दोघांना एकच सायकल सुचविणारा दुकानदार एकाला तरी फसवीत आहे.

असे एक घर कल्पावे. राजवाड्याजवळच्या कीळवीदीत, म्हणजे पूर्वेच्या मुख्य रस्त्याला लागून असलेल्या बोळात राहणारे, घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारे. आजोबांची 28 इंची चाकांची काळी सायकल अजून चालती आहे. नात आठवीत गेली आहे आणि शाळा चार किलोमीटरांवर आहे. आजोबा म्हणतात, हीच घे, लोखंड पक्के आहे. वडील म्हणतात, नवी घेऊ, पण मोठी घेऊ, म्हणजे कॉलेजपर्यंत पुरेल.

वडिलांचे म्हणणे हे महाराष्ट्रातील घराघरांतलेही म्हणणे आहे. वाढत्या अंगाचा गणवेश शिवावा तशी वाढत्या अंगाची सायकल घेतली जाते. गणवेश सैल झाला तर मूल फार तर विचित्र दिसते. सायकल मोठी झाली तर ते पडते. समोर बस अचानक थांबली की मोठ्या सायकलवरील मुलाचे पाय जमिनीस लागत नाहीत, आणि मग त्याला एकाच बाजूस कलंडावे लागते. ती बाजू पुष्कळदा वाहनांची असते. पैशाची बचत कुठे करावी आणि कुठे करू नये याचा विचार करताना ही एक गोष्ट वजाबाकीत धरू नये.

माप घेणे कठीण नाही. आडव्या नळीच्या सायकलवर दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून उभे राहावे. नळी आणि अंग यांमध्ये एक-दोन इंचांची जागा राहिली पाहिजे. मग कोणाला तरी सायकल धरावयास सांगून सीटवर बसावे आणि पायडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर सीटची उंची योग्य. पायाच्या चवड्याने पायडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. नवशिक्याने सीट याहून थोडी खाली ठेवावी, तोल आला की वर घ्यावी. हँडल इतके दूर नसावे की कोपरे ताठ होतील. दुकानात पाच मिनिटे याला लागतात, आणि तेवढा वेळ न देणाऱ्या दुकानातून सायकल घेऊ नये.

गिअरचा मोह हा दुसरा विषय. पुढे 44 दात्यांचे चक्र आणि मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर पायडलच्या एका फेरीत 28 इंची चाकाची सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. तंजावूरच्या सपाट रस्त्यावर प्रौढाला हे पुरते. नातीला पुलावर दम लागत असेल, तर मागचे फ्रीव्हील 20 किंवा 22 दात्यांचे बसवावे; ते नव्या सायकलपेक्षा फारच स्वस्त पडते. एकवीस गिअरांची सायकल घेऊन त्यांतले दोनच वापरणारी मुले सर्वत्र दिसतात. उरलेल्या एकोणीस गिअरांची फळे म्हणजे वाकलेला हँगर, ताणलेली केबल आणि पडलेली चेन. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यास गिअर अवश्य हवेत. पण तेथेही पुढे एक चक्र आणि मागे सात-आठ, एवढी रचना हौशी स्वारास पुरेशी होते. स्वस्त सायकलीच्या पुढच्या चिमट्यातील स्प्रिंगा तर सपाट गावात केवळ वजन वाढवितात.

पैसा घालावा तो ब्रेकवर. आजोबांच्या सायकलीचे दांड्यांचे ब्रेक पोलादी रिमच्या आतल्या कडेला लागतात. कोरड्या रस्त्यावर त्यांचे काम भागते. परंतु तंजावूरचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि ओल्या पोलादावर रबर घसरू लागले की थांबण्यास कित्येक पट अंतर लागते. नातीला आजोबांची सायकल देऊ नये याचे हेच सर्वांत मोठे कारण. अल्युमिनियमच्या रिमवर ओले रबर पुष्कळ बरे धरते. म्हणून अल्युमिनियमच्या रिम, दोन्ही चाकांना केबलचे ब्रेक, आणि मुलीच्या बोटांना पुरेल इतका जवळ येणारा लिव्हर एवढे तरी पाहावे. थांबविण्याचे अधिक काम पुढचा ब्रेक करतो. ‘पुढचा लावू नकोस, उलटशील’ ही शिकवण अर्धवट आहे. दोन्ही एकत्र, हळूहळू दाबावयास शिकवावे आणि कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा हे पहिल्याच दिवशी दाखवावे.

टायरवरचे आकडे वाचावयास कोणी शिकवीत नाही. ‘26 इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन टायरांपैकी एक दुसऱ्याच्या रिमवर बसेलच असे नाही. बाजूस उठविलेला जोडअंक खरा : 37-590 म्हणजे रुंदी 37 मिलिमीटर आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास 590. डोंगरी धाटणीच्या 26 इंची सायकलीचा हा व्यास 559 असतो, म्हणजे नाव एक आणि माप दोन. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. व्हॉल्व्हही पाहून घ्यावा. आपल्याकडचा जुना रबरी नळीचा किंवा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह कोठेही भरून मिळतो; शर्यतीच्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह असेल तर जोडणी जवळ बाळगावी लागते.

सुटे भाग कोपऱ्यावर मिळणे हा गुण जाहिरातीत येत नाही. मुरुगप्पा समूह आणि इंग्लंडमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांची टीआय सायकल्स ही कंपनी 1949 मध्ये मद्रासमध्ये स्थापन झाली. तमिळनाडूत 2005-06 पासून सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावीच्या सर्व मुलामुलींना शासन सायकल देऊ लागले. गावोगाव सायकल असल्याने गावोगाव दुरुस्तीवालाही आहे. साध्या सायकलीचा कॉटर, छर्रे किंवा फ्रीव्हील तो तासाभरात बदलून देतो. परदेशी बनावटीच्या भागासाठी मात्र आठवडा थांबावे लागते, आणि त्या आठवड्यात मूल शाळेला कसे जाणार याचा विचार खरेदीच्या वेळी कोणी केलेला नसतो.

तंजावूरच्या दक्षिणेस शेजारी पुदुक्कोट्टई जिल्हा आहे. तेथे 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हाच मोहिमेचा भाग केला आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. 1992 च्या महिलादिनी तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया सायकलवरून रस्त्यावर आल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिताना एक बारकावा टिपला आहे. बाजारात लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा स्त्रियांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या आडव्या नळीवर मूल बसविता येते. बायकांना काय सोयीचे हे कारखानदाराने ठरविले होते. त्यांनी स्वतः वापरून वेगळे ठरविले. तरीही साडी नेसणाऱ्या किंवा गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीस खाली वाकलेल्या नळीचीच सायकल बरी. नळीवर मूल बसविणे गर्दीच्या रस्त्यावर धोक्याचे आहे. मागे पाठ व पट्टा असलेली लहान मुलांची खुर्ची लावावी, आणि चाकाच्या आऱ्यांत पाय जाऊ नये म्हणून बाजूस जाळी लावावी.

बाकीचे सामान थोडके. मडगार्ड, चेनवर झाकण, घंटा, मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा. डायनॅमो सायकल थांबताच विझतो, म्हणून चौकात उभे राहताना बॅटरीचा दिवा अधिक सुरक्षित. दप्तर हँडलला अडकवू नये, कॅरिअरवर बांधावे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर सपाट बसावे, पट्टे कानांखाली जुळावेत, आणि एकदा जोराचा आघात झाला की वरून धडधाकट दिसले तरी ते बदलावे. चेन दर महिन्याला पुसून थोडे तेल घालावे. बारा कड्यांची लांबी बारा इंचांहून एक सोळांश इंच वाढली, की चेन बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांश होईपर्यंत थांबले तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात.

आजोबांची सायकल आजोबांकडेच राहू द्यावी. सकाळी उन्हापूर्वी पेरिय कोविलला जाऊन येण्यास ती उत्तम आहे. नातीसाठी 26 इंची, एका गिअरची, खाली वाकलेल्या नळीची आणि सीट वर घेता येईल अशी सायकल घ्यावी. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते. तिच्याहून नळी वर काढावयाची नसते, नाहीतर ती आतून मोडते. दर सहा महिन्यांनी टाचेची परीक्षा घेऊन सीट थोडी वर करावी. ज्या दिवशी ती रेघ दिसू लागेल, त्या दिवशी पुढची सायकल पाहावी आणि ही बोळातल्या धाकट्या मुलीला द्यावी.