संगणकाची निद्रा आणि जागृती

संगणक निद्रित करणे म्हणजे चालू काम शिस्तीने थांबविणे होय. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आरंभ केलेल्या लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नेल, प्रथम चालू कार्ये गोठवितो. नंतर उपकरणे निजविली जातात. आधी जोडलेला पेनड्राइव्ह, मग त्याला आधार देणारा यूएसबी नियंत्रक. जागृतीच्या वेळी हाच क्रम उलटा होतो. या निद्रेत स्मृतीला अल्पशी वीज मिळत राहते. ती तुटली, तर जतन न केलेले काम नष्ट होते. ‘हायबरनेट’ या दीर्घनिद्रेत मात्र स्मृतीची प्रत डिस्कवर लिहिली जाते व वीज पूर्ण बंद करता येते. म्हणूनच ग्रामपंचायतीचा दाखला असो वा शाळेचा निकाल, तो आधी जतन करावा आणि मगच संगणक निजवावा.