वर्गातील गुरुजी आणि आपले कर्तव्य
(शिक्षक-पालक सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत शिक्षकांनी आपले वर्गातील अनुभव सांगितले. पूर्वी खडू, फळा आणि छडी यांवर शाळा चाले. आता नोंदी, अहवाल व पोषण आहाराचा हिशेब यांतच दिवस सरतो, आणि छडीही हातून गेली, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. मी व्यवसायाने वकील आहे. शिक्षकाचे स्थान कायद्याने कसे पालटले व त्यामुळे आपणांवर कोणती जबाबदारी आली, एवढेच मी सांगणार आहे.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूस आहे हे सरकारने मान्य केले. परंतु शाळेत मात्र त्यास घेतले नाही. पुढे १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असे ठरले.

परंतु शाळेचे दार उघडले म्हणजे वर्ग उघडला असे होत नाही. बाबासाहेब बालपणी साताऱ्यास शिकत असता त्यांना शाळेत प्रवेश होता. तरीही त्यांना कोपऱ्यात निराळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे. हे सर्व शिक्षकांच्या डोळ्यांदेखत घडे. याच बाबासाहेबांना ते मॅट्रिक झाल्यावर विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यास साहाय्य केले. शिक्षक काय करू शकतो आणि काय मुकाट्याने पाहू शकतो, हे या दोन गोष्टींवरून कळून येईल.

आता ही गोष्ट केवळ शिक्षकाच्या चांगुलपणावर सोपविलेली नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. छडी गेल्याची खंत वाटणाऱ्यांनी ती पूर्वी कोणाच्या पाठीवर अधिक पडे, हे आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. कलम २४ प्रमाणे शिक्षकाने वेळेवर व नियमित हजर राहावे, अभ्यासक्रम पुरा करावा आणि मुलाची प्रगती पालकांस सभा घेऊन सांगावी. म्हणजे शिक्षक आता आपणांस उत्तर देण्यास बांधलेला आहे.

त्याचबरोबर शिक्षकांचे गाऱ्हाणेही खरे आहे. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम त्यांना देता येत नाही. ही मर्यादा ओलांडली जात असेल, तर त्यांच्या बाजूने पहिला आवाज पालकांनी उठविला पाहिजे. कारण त्यात नुकसान आपल्याच मुलांचे होते.

हे कोठे करावयाचे? शाळा व्यवस्थापन समितीत. सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांस प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. कोऱ्या कागदावर सही करून घरी परतणारा सदस्य हा हक्क आपल्या हातांनी गमावतो. आमच्या भगिनींनी तेथे बसावे, इतिवृत्त वाचून घ्यावे, मगच सही करावी.

पालकहो, कायद्याला वर्गाच्या आतले दिसत नाही. ते तुमच्या मुलाला दिसते. म्हणून रोज संध्याकाळी त्यास तीन प्रश्न विचारा. आज तू कोणाशेजारी बसलास? वर्ग कोणी झाडला? जेवताना पंगत एकच होती काय? उत्तर खटकले तर भांडत जाऊ नका; लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर समाधानाचे असेल, तर त्या गुरुजींना किंवा बाईंना भेटून आभार माना. चांगल्या शिक्षकास आपल्या पाठबळाची गरज आज पूर्वीहून अधिक आहे.

जय भीम.