मास्तरांची संघटना आणि आपली समिती



मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला. 14 ते 20 तारखेपर्यंत कितीतरी शाळांना कुलूप होतं. तेव्हा पुष्कळ जणी मास्तरांवर चिडल्या. पण त्यांचं सरकार ऐकतं कसं, ते बघा. आपल्या विधान परिषदेत 78 आमदार. त्यातले 7 शिक्षकांनी निवडून दिलेले. गंमत म्हणजे ते मत हायस्कूल-कॉलेजच्या शिक्षकांना. आपल्या झेडपीच्या पहिली ते चौथीच्या गुरुजींना नाही. त्यांचा सगळा जोर एकजुटीत, म्हणजे आपल्या गटासारखाच.

संघटना पगार, बदली, पेन्शनसाठी भांडते. ते तिचं कामच आहे. कधी तिचं भांडण आपलंही असतं. कमी पटाच्या शाळेला कायम शिक्षक हवा, गुरुजींमागची शाळाबाह्य कामं कमी व्हावीत, यात आपण त्यांच्या बाजूनं उभं राहावं. पण माझ्या पोरीला वाचता येतं का, हे आपल्या वतीनं संघटना विचारणार नाही. ते आईनंच विचारायचं.

त्याची जागा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दिलीय. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक, आणि एकूण निम्म्या बायका. आणि आपण? रजिस्टर घरी आलं की न वाचताच सही करून मोकळ्या! बचतीच्या वहीवर अशी सही करतो का आपण?

पुढच्या सभेला येताना लिहून आणा: तुमच्या गावच्या समितीत कोणकोण बायका आहेत, आणि शेवटची बैठक कधी झाली.